पाळक महिन्यातून एकदा येतात, बाकीचे शनिवार ज्यांच्या खांद्यावर आहेत त्यांच्यासाठी आपण काय करतो?

कृष्णाकाठ

सर्वांना सलाम.

आमची मंडळी वाळवा तालुक्यातली, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. पाळकसाहेबांकडे अशा बऱ्याच मंडळ्या आहेत, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्यातला एखादा शनिवार येतो. बाकी सगळं गावातलीच माणसं बघतात. शब्बाथ शाळा (शनिवारचा बायबल अभ्यासाचा वर्ग), संदेश, बुधवारची प्रार्थना, आजाऱ्याची विचारपूस. कुणी वारलं तर रात्री पहिला फोन यांनाच येतो. सगळे बिनपगारी. कुणी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, कुणी अंगणवाडीत. एक जण तर द्राक्षबागेत औषध मारून, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत अंघोळ करून प्रार्थनेला हजर असतो.

यंदा निवड समितीने नवा वडील निवडला. तरुण आहे, मनाचा चांगला, लोकांत मिसळणारा. नाव वाचलं, सगळ्यांनी हात वर केले, आमेन झालं आणि पुढच्या शनिवारी त्याला पुढे बसवलं. काय करायचं, काय करायचं नाही, अडलं तर कुणाला विचारायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपण माणसाला पद देतो आणि हातात काहीच देत नाही. दोन-तीन वर्षांत तो थकतो, यायचा कमी होतो. मग आपणच म्हणतो, याचा विश्वास थंडावला. हा त्याच्यावर अन्याय आहे.

सातारा-सांगलीकडच्या लहान मंडळ्या यावर काय करतात? पुण्या-मुंबईचं नको, तिथे माणसं भरपूर असतात.

माचीपेठ

मी ख्रिस्ती नाही, साताऱ्याचा आहे. शीर्षक वाचून आत आलो. तुमची भक्ती शनिवारी का असते? आणि वडील म्हणजे पाळकांचे मदतनीस का?

कृष्णाकाठ

माचीपेठ, स्वागत. दहा आज्ञांतली शब्बाथाची आज्ञा आम्ही सातव्या दिवशी पाळतो. शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. १८६३ मध्ये अमेरिकेत मिशिगनला ही मंडळी संघटित झाली, आज जगभरात दोन कोटींहून जास्त सभासद आहेत. दक्षिण आशियाचं मुख्यालय तमिळनाडूत होसूरला आहे. पुण्याचं स्पायसर विद्यापीठ तुम्हाला माहीत असेल, ते आमचंच.

वडील म्हणजे मंडळीने आपल्यातूनच निवडलेला माणूस. पाळक नसताना मंडळीची आध्यात्मिक जबाबदारी त्याच्यावर. त्याच्या जोडीला डिकन आणि डिकनेस (मंडळीची व्यवस्था आणि सेवा बघणारे पुरुष आणि स्त्रिया), खजिनदार, क्लर्क (सभासदांच्या नोंदी ठेवणारा), शब्बाथ शाळेचे अधीक्षक. सगळे स्वयंसेवक, मुदत एक किंवा दोन वर्षांची.

जुना_पाळक

कृष्णाकाठ, मनापासून आभार. मी निवृत्त आहे. कोरेगाव-फलटण भागात बरीच वर्षं सेवा केली.

मोशेच्या सासऱ्याने त्याला सल्ला दिला, तो बायबलातल्या निर्गमच्या १८ व्या अध्यायात आहे. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. हे सगळे सांगतात. पण त्याच अध्यायात त्याआधी एक गोष्ट आहे, ती वगळली जाते. आधी लोकांना नियम शिकव, कोणत्या वाटेने चालायचं आणि कोणतं काम करायचं ते दाखव, असं सासरा म्हणतो. नेमणूक त्यानंतर. आपण शिकवणं सोडून थेट नेमणुकीवर येतो.

चर्च मॅन्युअल, म्हणजे आमच्या मंडळ्यांचं नियमांचं पुस्तक, १९३२ पासून आहे आणि जागतिक अधिवेशनात त्यात सुधारणा होते. अधिवेशन साधारण पाच वर्षांनी असतं, कोविडमुळे २०२० चं २०२२ ला गेलं. वडिलांच्या कामाबद्दल त्यात पुष्कळ लिहिलं आहे, आणि वडिलांना तयार करणं हे पाळकाचं काम आहे असंही लिहिलं आहे. पण गावातल्या वडिलाच्या हातात ते इंग्रजी पुस्तक ठेवून उपयोग काय? आम्ही त्यातलं एकच प्रकरण घेऊन रविवारी दुपारी चटईवर बसायचो. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, ते वहीत लिहायचे. दीक्षाविधी (प्रार्थना करून, हात ठेवून सेवेला वेगळं करणं) झाल्याशिवाय वडिलाने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) चालवायचं नाही. दीक्षाविधी एकदाच, पुन्हा निवडून आला तरी परत लागत नाही. अधिकार आपल्या मंडळीपुरता, शेजारच्या गावात आपोआप चालत नाही. बाप्तिस्मा द्यायची वेळ आली तर आधी वरून परवानगी. लग्न लावायला पाळकच हवा. एवढं माहीत असलं की माणूस निर्धास्त होतो. अर्धी भांडणं "तुला कुणी अधिकार दिला?" इथूनच सुरू होतात.

दुसरं म्हणजे सोबत. मी रुग्णाला भेटायला एकटा जायचो नाही, नव्या वडिलाला मोटारसायकलवर मागे बसवायचो. खाटेजवळ किती वेळ बसायचं, कधी गप्प राहायचं, प्रार्थना किती लहान करायची, आजार काय आहे हे चारचौघांत का विचारायचं नाही. परतीच्या वाटेवर त्याच्याशी बोलायचो. पुढच्या वेळी तो बोलायचा, मी मागे बसायचो.

सरळ_सांगतो

पास्टर, आदर ठेवून असहमत. प्रशिक्षण, प्रशिक्षण हे फार झालंय. येशूचा शिष्य पेत्र कोळी होता, त्याने कुठलं शिबिर केलं होतं? पवित्र आत्मा शिकवतो. प्रार्थना आणि पवित्र शास्त्र पुरेसं आहे. माणसं थकतात ती प्रार्थना कमी पडते म्हणून.

जुना_पाळक

पेत्र कोळी होता, खरं आहे. पण तो गुरूसोबत राहिला, जेवला, चालला. पाठवलं तेही दोघादोघांना आणि परत आल्यावर काय काय झालं ते त्यांनी गुरूला सांगितलं. मी याच शिक्षणाबद्दल बोलतोय. शिबिराचा आग्रह माझाही नाही.

सरळ_सांगतो

हे मान्य. सोबत राहून शिकवणार असाल तर माझी हरकत नाही. प्रमाणपत्र वाटून फोटो काढण्याला आहे.

खजिनदार_सांगली

मी बोलू का? सगळे वडिलांबद्दलच बोलताहेत.

मला खजिनदार केलं तेव्हा एक फाटकं रजिस्टर आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा मिळाला. आधीच्या ताई लग्न होऊन कर्नाटकात गेलेल्या. मी बी.कॉम. आहे, हिशेब येतो. पण चर्चचा हिशेब दुकानासारखा नसतो. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) वेगळा, तो जसाच्या तसा वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा, त्याच्यातूनच पाळकांचे पगार होतात. चर्चचं वीजबिल थकलं तरी त्याला हात लावायचा नाही. मंडळीच्या खर्चाचं दान वेगळं, शब्बाथ शाळेचं वेगळं, तेराव्या शब्बाथाचं, म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या शनिवारचं, खास दान वेगळं. पाकिटावर कुणी काहीच लिहिलं नाही तर ते कुठे धरायचं? मला हे शेजारच्या मंडळीतल्या एका काकांनी शिकवलं. स्वतःच्या खर्चाने यायचे बिचारे.

नवीन खजिनदारांनो, माझ्याकडून एवढं घ्या. दान एकट्याने मोजायचं नाही, दुसरं कुणीतरी, शक्यतो डिकन, शेजारी बसलेलं हवं. पावती प्रत्येकाला, दहा रुपयांचीसुद्धा. कोण किती देतो हे घरात नवऱ्यालाही सांगायचं नाही. "अमुकचा दशमांश येतो का गं?" म्हणून गोड बोलून विचारणारे भेटतात, त्यांना हसून चहा द्यायचा. महिना संपला की रक्कम पाठवून द्यायची, डब्यात मुक्काम नको. आणि आता फोनवरून पैसे येतात, ते स्वतःच्या नंबरवर कधीही घ्यायचे नाहीत. चर्चचं खातं वापरायचं. तुमचा हेतू स्वच्छ असतो, पण उद्या संशय आला तर तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही. हिशेब तपासायला माणूस आला की वाईट वाटून घेऊ नका. ती तपासणी तुमच्याच रक्षणासाठी असते.

पारायणवाला

ताई, टाळ्या! मी वारकरी, तासगाव तालुका. आमच्या सप्ताहाचा हिशेब शेवटच्या दिवशी काल्यानंतर मंडपात सगळ्यांसमोर वाचतात. गुळाची ढेप किती रुपयांना आणली हेसुद्धा. त्यानंतर कुणी काही बोलायला उरत नाही.

आमच्यात वीणा खाली ठेवायची नसते. एक दमला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याच्या पाळ्या आधीच फळ्यावर लिहिलेल्या असतात. तुमच्यात पाळी नसते का हो? एकच माणूस सगळं?

वडिलांच्या_घरून

पारायणवाला दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. म्हणूनच लिहायला बसले. इथे वाचतच असते, लिहीत नाही.

माझे मालक कितीतरी वर्षं वडील आहेत. दर वेळी निवड समिती म्हणते, तुमच्याशिवाय कोण? हे ऐकायला चांगलं वाटतं, पण आमच्या घरात शब्बाथ हा विसाव्याचा दिवस राहिलेला नाही. सकाळी शब्बाथ शाळा, मग संदेश, मग कुणाच्या घरचं भांडण, दुपारी मंडळीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाची सभा, संध्याकाळी शब्बाथ संपतानाची प्रार्थना. मुलगी विचारते, पप्पा आपल्या बाकावर कधी बसणार? सोमवारी पहाटे परत एमआयडीसीत पहिली पाळी. पेट्रोल आमचं, फोन आमचा, आलागेला चहा आमचा. ते आनंदाने करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुणी त्यांना विचारत नाही, तुमचं कसं चाललंय? सगळे येतात ते आपलं सांगायला.

मला प्रशिक्षण वगैरे कळत नाही. एक वर्ष त्यांना सोडा. दीक्षाविधी झालाय, तो कुठे जात नाही. वर्षभर मागच्या बाकावर मुलीशेजारी बसू द्या. पुढच्या वर्षी मीच त्यांना हाताला धरून आणून देईन.

कृष्णाकाठ

वहिनी, सलाम. हे आमच्या बोर्डात वाचून दाखवलं तर चालेल का? नाव-गाव सांगणार नाही.

वडिलांच्या_घरून

चालेल.

जत_रोड

मी तरुण गटातला, वय २४. वहिनींचं वाचून गलबलून आलं. पण जुन्या लोकांनी एक समजून घ्या. "कोणी पुढे येत नाही" असं आमच्याबद्दल म्हणतात. पुढे आलो की संदेशाच्या दुसऱ्या वाक्याला मागून खाकरणं सुरू होतं.

आणि शिक्षण कुठे असतं? पुण्यात. जत भागातून पुणे म्हणजे रात्रभर एसटी. कार्यक्रम शुक्रवार ते रविवार, म्हणजे शुक्रवारची रजा. शनिवारची सुट्टी मिळवायला आधीच साहेबांच्या विनवण्या करून झालेल्या असतात, वर शुक्रवार कुठून मागू? तिथे गेल्यावर बोलणं अर्धं इंग्रजीत. मला कळतं, पण माझ्यासोबतचे काका परत येताना म्हणाले, जेवण छान होतं. त्यांना तेवढंच कळलं.

मला वाटतं सांगली, कराड, सातारा अशा ठिकाणी रविवारी अर्धा दिवस, मराठीत, एका वेळी एकच विषय ठेवावा. आज फक्त संदेशाची तयारी, पुढच्या वेळी फक्त घरभेट. मधल्या दिवसांत दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर. शेतात पाणी पाजताना माणूस ऐकू शकतो.

मिरज_जंक्शन

मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मिरजेचा. १८९४ साली सुरू झालेलं वानलेस हॉस्पिटल आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत, आमच्या आजी तिथेच नर्स होत्या. त्या सांगायच्या, नवीन नर्सला पहिल्या दिवसापासून जुन्या नर्सच्या जोडीने लावत, एकटीला वॉर्ड मिळायचा नाही. चर्चमध्ये आपण नवीन माणसाला पहिल्याच दिवशी अख्खा वॉर्ड देतो.

आमच्याकडेही वडीलमंडळींची परंपरा आहे, प्रेस्बिटेरियन काळापासूनची. अडचणी अगदी याच. फक्त आमचा रविवार असल्यामुळे रजेचा प्रश्न सुटतो. जत_रोड, तुमच्या शनिवारच्या धडपडीबद्दल मला खरंच आदर आहे.

माचीपेठ

अवांतर: शनिवारी परीक्षा आली तर मुलं काय करतात?

जत_रोड

आधी अर्ज करतात, दुसरा दिवस मागतात. कधी मिळतो, कधी नाही. मी एका पेपरला मुकलोय, तो पुढच्या सत्रात दिला. तेव्हा आमच्या शब्बाथ शाळेच्या मॅडम माझ्यासोबत प्राचार्यांकडे आल्या होत्या, अर्ज त्यांनीच लिहून दिला. मला विचाराल तर त्या दिवशी मला पुढारी कसा असतो ते दिसलं.

पाथफाइंडर_कराड

मुलांच्या कामाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मुलांचे दोन गट असतात: पाथफाइंडर १० ते १५ वयाचे, ॲडव्हेंचरर त्याहून लहान. गाठी मारणं, तंबू, निसर्ग, पवित्र शास्त्र, सगळं असतं. पालक खूश, मुलं खूश. पण ज्याच्या हाती ही मुलं देतो त्याची आधी नीट चौकशी करायला हवी. "आपलाच माणूस आहे" हे पुरेसं नाही. मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीही नको, कमीत कमी दोघं. सहलीला जाताना पालकांची लेखी संमती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे. गैरप्रकार कळला तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, बोर्डात बसून आपसात मिटवायची गोष्ट ती नाही. हे नव्या नेत्याला पहिल्या दिवशी सांगा. तंबू नंतर शिकवता येतो.

खजिनदार_सांगली

+१. शंभर वेळा +१.

हळदपेठ

मी डिकनेस आहे, सांगलीत. आम्हाला लोक फुलं लावणाऱ्या आणि प्रभुभोजनाची भाकर करणाऱ्या समजतात. ते करतोच. पाय धुण्याच्या विधीची पाणी, टॉवेल, बेसिन सगळी तयारी आमच्याकडे असते, बाप्तिस्म्याला येणाऱ्या बायकांना आधार आम्ही देतो.

पण ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं सांगते. कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडे एक वही होती. आमच्यातल्या थोरल्या बाईंनी ती कित्येक वर्षं चालवलेली. कुणाचं घर कुठल्या गल्लीत, घरात म्हातारं कोण, कुणाला शुगर, कुणाचा मुलगा बाहेरगावी, त्याचा नंबर काय. ती वही घेऊन आम्ही एका माडीवर बसलो आणि फोन लावत गेलो. कोण निघालं, कोण अडकलं, कुणाचं इन्सुलिन संपलं, सगळं त्या वहीवरून कळलं. शेजारच्या गल्लीतली इतर समाजाची माणसंही आमच्याकडे विचारायला यायला लागली. तसं शिकवलेलं कुणी नव्हतं. त्या बाईंना घरोघर जायची सवय होती एवढंच. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा वही तयार होती.

डिकनेसच्या दीक्षाविधीची तरतूद २०१० च्या अधिवेशनात मॅन्युअलमध्ये आली. चांगलं झालं. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. बोर्डात आम्हाला बोलू द्या आणि आमचं टिपून घ्या.

सरळ_सांगतो

ताई, तुमची ती वहीची पद्धत आमच्या मंडळीत सुरू करतो. यावर माझा वाद नाही.

मात्र पेट्रोलच्या पैशांवर आहे. वरती वहिनींनी लिहिलंय, त्यांचा राग नको. सेवेला पैसे लागले की सेवा उरत नाही. आज पेट्रोल, उद्या मानधन.

खजिनदार_सांगली

दादा, मानधन आणि खर्च यांत फरक आहे. मानधन कुणीच मागत नाहीये. दशमांशातून हे होणार नाही, तेही बरोबर. पण मंडळीच्या खर्चाच्या दानातून वर्षाच्या अंदाजपत्रकात "घरभेट प्रवास" असा एक रकाना ठेवता येतो, मंडळीने मंजूर केला की झालं. आम्ही ठेवलाय. ज्यांना नको ते घेत नाहीत. पण रोजंदारीवर जाणारा डिकन असेल तर त्याला शंभर रुपयांचं पेट्रोल म्हणजे घरातली भाजी असते. पैसेवाल्यालाच सेवा परवडायची असेल तर निवड समिती कशाला बसवायची? बँकेचं पासबुक बघून माणसं नेमा.

सरळ_सांगतो

शेवटचं वाक्य लागलं. विचार करतो.

जुना_पाळक

वहिनींच्या मुद्द्यावर उत्तर द्यायचं राहिलं. पाचारण देवाचं असतं, ते वर्ष मोजून संपत नाही, असं मी मानतो. पण पद मंडळीचं आहे, आणि मुदत मॅन्युअलनेच ठेवली आहे. मुदत ठेवलीय याचा अर्थ बदल अपेक्षित आहे. निवड समितीने नावं वाचण्याआधी त्या माणसाला विचारायचं असतं, त्याची संमती घ्यायची असते. तो नाही म्हणाला तर तो नकार ऐकायचा असतो. गावात काय होतं? नाव थेट वाचतात, मग भिडेपोटी माणूस मान हलवतो. कृष्णाकाठ, तुमच्या नव्या वडिलाला कुणी आधी विचारलं होतं का?

कृष्णाकाठ

विचारलं होतं, पास्टर. पण काम काय असेल हे सांगून नाही. "होशील का?" एवढंच.

आज संध्याकाळी त्याच्या घरी गेलो होतो. इथलं बरंच त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मला भीती संदेशाची नाही, अंत्यविधीची आहे. पाळक पोचेपर्यंत घरच्यांशी काय बोलायचं, मयताजवळ काय वाचायचं, कुणी शेजारी दुसरे विधी करा म्हणाले तर काय उत्तर द्यायचं. मी इतका वेळ संदेश, संदेश करत होतो आणि त्याची गरज वेगळीच निघाली. म्हणून आता बोर्डापुढे विषय मांडतोय, तो असा: प्रत्येकाला आधी विचारायचं, तुला कशाची धास्ती वाटते? शिक्षण तिथून सुरू करायचं. मागचे वडील या तिमाहीत त्याच्यासोबत जातील, ते कबूल झालेत. खजिनदार ताईंचा प्रवासाचा रकानाही मांडणार आहे. तरुणांना रविवार सोयीचा, म्हणून पहिली बैठक रविवारीच, इस्लामपूरला.

एक अडचण आहे. क्लर्कचं काम कुणाला नीट येत नाही. पुण्याला गेलेल्या दोन कुटुंबांची सभासदत्वाची पत्रं अडकून पडलीत.

फलटणचा_क्लर्क

हे माझं खातं. सभासदत्व बदलायची विनंती तुम्ही सुरू करायची नसते. ती नव्या मंडळीच्या क्लर्ककडून तुमच्याकडे यायला हवी. त्या कुटुंबांना सांगा, पुण्यात ज्या चर्चमध्ये जातात तिथल्या क्लर्कला भेटा. विनंती आली की तुमचा क्लर्क ती पाळकांना किंवा वडिलांना देतो, बोर्ड शिफारस करतं, मग शनिवारी मंडळीपुढे नावं वाचायची, पुढच्या शनिवारी परत वाचायची आणि मत घ्यायचं. त्यानंतर पत्र. तिकडे स्वीकारल्याचं उत्तर येईपर्यंत नावं तुमच्याच पटावर राहतात, आधी खोडू नका. फॉर्म कसा भरायचा त्याचा नमुना मराठीत लिहून ठेवलाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारच्या बैठकीत क्लर्कसाठी अर्धा तास देणार असाल तर मी फलटणहून येतो.

कृष्णाकाठ

व्यनि मिळाला. अर्धा नाही, पाऊण तास घ्या. जेवण आमच्याकडे.

जत_रोड

इस्लामपूरला मीही येतो. त्या काकांनाही घेऊन येतो.